सकाळचे मालक

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळी गल्ली ‘भोंगा’ म्हणते. अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे ‘काका’ म्हणतात आणि पहिलं वळण आलं की पसार होतात. कारण हा माणूस भेटला की एकच विचारतो, "आज कधी उठलात?" तुम्ही काहीही सांगा, तो तुमच्या आधी उठलेला असतो. मग तो तुमच्याकडे असा बघतो, जसं काही तुम्ही रात्री कुणाचं घर फोडून आलायत.

हे नाव उगाच पडलेलं नाही. भाऊजी कापडगिरणीच्या बॉयलरघरात होते आणि पहाटेचा भोंगा वाजवणं हे त्यांचं काम होतं. काम म्हणजे काय, तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं आणि डोक्यावर लोंबणारी साखळी ओढायची. साखळी ओढायला अक्कल लागत नाही, हात लागतो. पण जन्मभर तेच केल्यावर त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं, की सकाळ होते ती आपल्यामुळे. सूर्य काय, येतो आपला पाठोपाठ, सवडीनं. आपण साखळी ओढली नाही तर अख्खं शहर पांघरुणात कुजत पडेल, अशी त्यांची पक्की समजूत होती. अजूनही आहे.

ते निवृत्त झाले तेव्हा गिरणीनं त्यांच्या जागी माणूस घेतलाच नाही. एक यंत्र बसवलं. वेळ झाली की ते आपलं आपण कोकलतं. पहिल्या दिवशी भाऊजी पहाटेपासून खिडकीत कान लावून उभे. भोंगा झाला. ते ताईला म्हणाले, "ऐकलंस? आवाजात जीव नाही." ताई म्हणाली, "हो, नाहीये खरा." ताई सगळ्यालाच हो म्हणते. मी समोरच्या माझ्या दारातून ऐकत होते आणि मला हसू आवरेना. आवाजात तसूभर फरक नव्हता. बहिऱ्यानंसुद्धा सांगितलं असतं.

मी म्हणजे कोण, तर ताईची धाकटी बहीण. शिवणकाम करते. त्यांच्या दोन खोल्या जिन्याच्या या बाजूला, माझी एक त्या बाजूला. मी लग्न केलं नाही. का केलं नाही ते माझं मला माहीत. भाऊजींच्या मते मी उशिरा उठते म्हणून राहिलं. त्यांच्याकडे जगातल्या सगळ्या दुःखांचं हेच एक कारण आहे. कुणाचं दुकान बुडालं, उशिरा उठत असेल. कुणाला मूल नाही, उशिरा उठत असतील. तळमजल्यावरचा न्हावी तरणाताठा असताना गेला, तर मयताला जमलेल्या लोकांसमोर हे म्हणाले, "पहाटेची हवा कधी घेतली नाही बिचाऱ्यानं." त्याची बायको ऐकत होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गिरणी सुटली तशी भाऊजींनी घराची गिरणी केली. अंधारात उठायचं, सगळ्या खिडक्या धाडधाड उघडायच्या, रेडिओ लावायचा, आणि ताटलीवर चमचा बडवत दोन्ही खोल्यांतून फिरायचं. "उठा, उठा! सकाळ झाली!" कुणी उठेपर्यंत बडवायचं. मग गाद्या गोळा करायच्या, त्यांची वळकटी करायची आणि त्या वळकटीवर स्वतः चढून बसायचं. हो, बसायचं! म्हणजे कुणाला पुन्हा अंथरूण पसरायची सोयच नको. त्या सिंहासनावर बसून महाराज चहाची वाट बघायचे.

चहा कोण करी? ताई. चहाच्या आधी अंघोळीचं पाणी कोण तापवी? ताई. म्हणजे ताई त्यांच्याही आधी उठत होती, हे कधी त्या डोक्यात शिरलंच नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, "भाऊजी, तुम्ही उठता तेव्हा स्टोव्ह पेटलेला कसा असतो हो?" तर म्हणाले, "बायकांना झोप कमीच लागते, मेहुणीबाई." असं म्हणून चहाचा भुरका मारला.

मला एक कळत नाही. सकाळचं एवढं कौतुक नेमकं कोण करतं? पाववाला करतो का? त्याला विचारा, तो तोंडातून अवाक्षर काढणार नाही, त्याला जांभई येत असते. दूधवाली करते का? झाडूवाली करते का? ज्यांच्या जिवावर सकाळ उभी राहते ते तिच्याबद्दल चकार शब्द बोलत नाहीत. बोलतात कोण, तर पाय मोकळे करायला बागेत जाणारे, आयता चहा पिणारे, निवृत्त झालेले. ताजी हवा काय, कोवळं ऊन काय! भाऊजींनी बागेत अशा चार रिकामटेकड्यांची टोळी जमवली होती. रोज सगळे हात वर करून खदाखदा हसायचे, कारण हसणं फुप्फुसांना चांगलं. मी एकदा कुंपणाबाहेरून बघितलं. एकाच्याही डोळ्यांत हसू नव्हतं.

तर अशा घरात सून आली, आणि सून निघाली हॉस्पिटलात नर्स. तीही रात्रपाळीची.

माझा भाचा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. महिन्यातून थोडे दिवस घरी असतो आणि बापासमोर त्याची शेळी होते. बायकोनं तक्रार केली की म्हणतो, "बाबांचं काय मनावर घ्यायचं?" म्हणून पुन्हा ट्रक घेऊन जातो. स्वतः गाडीच्या केबिनमध्ये झोपतो, तिथे ताटली वाजवायला बाप नाही.

सून गुणी पोरगी. बारीकशी, कमी बोलणारी, पण बोलली की मुद्द्याचं. रात्रभर पुरुषांच्या सर्जरीच्या वॉर्डात उभी राहायची आणि सकाळी उजाडल्यावर घरी यायची. चेहरा पिळून काढलेल्या फडक्यासारखा. आणि इथे सासरेबुवा वळकटीवर बसलेले! पहिल्याच आठवड्यात तिनं हळूच म्हटलं, "बाबा, जरा आडवी होऊ का?" तर हे म्हणाले, "दिवसाउजेडी? या घरात ऊन वर आल्यावर कुणी पाठ टेकलेली नाही, पोरी. झोपायला रात्र आहे." ती म्हणाली, "रात्री मी कामाला असते, बाबा." त्यावर भाऊजी बराच वेळ विचारात पडले. मी म्हटलं, चला, पडला एकदाचा उजेड. तर म्हणतात, "मग संध्याकाळी झोपत जा."

संध्याकाळी! संध्याकाळी स्वयंपाक, कपडे, पाणी भरणं, आणि मग पुन्हा ड्यूटी. पोरगी उभ्या उभ्या डुलायला लागली. एकदा मोरीत नळाला डोकं टेकून झोपलेली सापडली, नळ चालू. त्यात ती हॉस्पिटलात अजून हंगामी होती. तिथे चूक झाली की कायम होणं दूर, असलेली नोकरीही जाणार. आणि घर चालायचं जास्त करून तिच्याच पगारावर. भाऊजींच्या पेन्शनीत फार तर त्यांचा चहा निघाला असता.

शेवटी मी आणि ताईनं मिळून एक थाप रचली. मी भाऊजींना म्हटलं, "तुमची सून माझ्याकडे रोज सकाळी शिवण शिकायला येईल." भाऊजी असे खूश झाले! "याला म्हणतात सकाळ सत्कारणी लावणं!" बागेतल्या टोळीला सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. पोरगी रोज माझ्याकडे यायची, मी दार लावून घ्यायची, आणि ती माझ्या कापड बेतायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगावर, पडल्या पडल्या घोरायला लागायची. मी मशीन चालू ठेवायची. तेवढा आवाज तिला चालायचा, उलट मशीन थांबलं की ती दचकून उठायची. म्हणून काही शिवायचं नसलं तरी मी उगाच पायट्यावर पाय मारत बसायची. भाऊजी जिन्यातून ओरडायचे, "जमतंय का काही?" मी म्हणायची, "फार छान हात बसलाय हो!"

ताईला मात्र या थापेचा घोर लागायचा. ती जन्मात नवऱ्याशी खोटं बोलली नव्हती. मी म्हटलं, "खरं बोलायला तुला त्यांनी कधी जागा ठेवलीये का?" ती नुसती पदराशी चाळा करत राहिली.

असंच चाललं होतं, आणि भाऊजींना हर्निया झाला. कशानं झाला म्हणाल तर पहाटेच्या जोरबैठकांनी! या वयात, अनशापोटी, गार पाण्यानं अंघोळ करून, बागेतल्या टोळीला दाखवायला म्हणून जोर काढत होते. डॉक्टरनं पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "काही जड उचललं होतं का?" भाऊजी म्हणाले, "नाही." मी मागून म्हटलं, "अख्खं शहर उचलत होते, डॉक्टर. रोज पहाटे." ताईनं मला चिमटा काढला.

त्यांना भरती केलं ते नेमकं सुनेच्याच वॉर्डात. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पहिला दिवस कण्हण्यात गेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, थोडं हिंडाफिरायला हरकत नाही. झालं, माकडाच्या हाती कोलीत.

खोली चार खाटांची होती. एक खाट रिकामी. एकावर अपेंडिक्सचा एक कॉलेजातला पोरगा. खिडकीशेजारच्या खाटेवर एक म्हातारे घड्याळजी होते; बाजारात त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं छोटंसं दुकान. जिन्यावरून पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि नुकतंच ऑपरेशन झालं होतं. त्यांनी पाय खाली ठेवायचाच नाही, अशी सक्त ताकीद. वेदना होऊ नयेत म्हणून औषधं चालू, त्यामुळे बिचारे अर्धवट गुंगीत असायचे. म्हणून त्यांच्या खाटेचे कठडे दोन्ही बाजूंनी वर लावून ठेवायचे, हे काम नर्सचं. सून दर फेरीला ते कठडे हलवून बघायची, मी स्वतः पाहिलंय.

तिसऱ्या दिवशी पहाटे पलीकडच्या खोलीत एका पेशंटला अचानक धाप लागली, म्हणून ती तिकडे धावली. इकडे गिरणीचा भोंगा झाला. हॉस्पिटलात तो लांबून, बारीक ऐकू येतो. पण भाऊजींना तो कबरीतसुद्धा ऐकू येईल. उठले. पडदे सरकवले. टाळ्या वाजवत खोलीत फिरायला लागले. "उठा, उठा! सकाळ झाली!"

हे मला कसं कळलं? त्यांनीच सांगितलं. सकाळी मी आणि ताई चहाचा थर्मास घेऊन गेलो, तेव्हा घड्याळजींची खाट रिकामी होती. चादर ओढलेली, उशी खाली पडलेली. मी विचारलं, "हे कुठे गेले?" तर भाऊजी नाक उडवून म्हणाले, "त्याच्यात दमच नाही. मी म्हटलं, काय लोळताय, कोवळं ऊन अंगावर घ्या. कठडा खाली केला, हाताला धरून उभा केला, तर दोन पावलंही टाकेना. बसकण मारली खाली. असली माणसं ऊन बघतच नाहीत ना, हाडं कशी घट्ट होणार?" आणि हसले. हो, हसले!

ताईच्या हातातला कप तसाच राहिला. मी म्हटलं, "भाऊजी, त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं." "मला काय माहीत?" ते म्हणाले. "मी आपलं चांगल्यासाठी केलं."

तेवढ्यात सून आली. ड्यूटी केव्हाच संपली होती, पण तिला घरी सोडलं नव्हतं. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. घड्याळजींना पुन्हा ऑपरेशनला नेलं होतं. बसवलेलं हाड निसटलं होतं. आणि मेट्रनबाईंचं म्हणणं सरळ होतं: पेशंट गुंगीत स्वतःच उठला, कारण कठडा खाली होता, कठडा खाली होता, कारण सिस्टरनं लावला नाही. घड्याळजी शुद्धीवर येत होते तेव्हा एवढंच बरळत होते, "उशीर झाला, दुकान उघडायचंय." अपेंडिक्सच्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, "कुणीतरी बोंबलत होतं, मी डोक्यावर उशी घेतली." कोण बोंबलत होतं ते त्यानं पाहिलं नव्हतं.

सून म्हणाली, "मी कठडा लावला होता, आई. हलवून बघितला होता." मग ती भाऊजींच्या खाटेजवळ गेली. तिला कळलं होतं, तिला आधीच कळलं होतं. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी मेट्रनबाई राउंडला येतील आणि मग माझं काय करायचं ते ठरवतील. तुम्ही फक्त जे झालं ते सांगा. तुम्हाला कुणी काही करणार नाही. तुम्ही पेशंट आहात. माझी मात्र नोकरी जाईल."

भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. आत्ता कुठे त्यांना समजलं की प्रकरण कुणाच्या गळ्यात आलंय. घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं. "आत्ताच सांगू का?" मी म्हटलं, "आत्ताच सांगा. बोलावते मी." तर म्हणाले, "नको, नको. आत्ता त्या घाईत असतील. उद्या सकाळी सांगतो. डोकं ताजं असतं. महत्त्वाचं काम सकाळीच करावं."

पोरीनं मान डोलावली. तिनं विश्वास ठेवला. ताईनंही ठेवला. मीच काय तो ठेवला नव्हता, पण मलाही वाटत होतं, की माणूस कितीही टेंभा मिरवणारा असो, इतका नीच नसेल. शेवटी सून आहे. हिच्या पगाराचा चहा पितो हा.

त्या संध्याकाळी बागेतल्या टोळीतले दोघे त्यांना बघायला आले होते. भाऊजी त्यांच्याशी खूप बोलले, पण घड्याळजींचं नाव काढलं नाही. त्यातला एक खिडकीशेजारच्या रिकाम्या खाटेकडे बघून म्हणाला, "इथला माणूस पडला म्हणे? नर्सा हल्ली लक्षच देत नाहीत." भाऊजी म्हणाले, "हं." एवढंच. सून तेव्हा त्याच खोलीत त्या अपेंडिक्सच्या पोराचं सलाइन बदलत होती. मी तिच्याकडे बघूच शकले नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि ताई अंधारातच निघालो. ताईनं वाटेत एकदाच तोंड उघडलं. म्हणाली, "बोलतील ना गं ते?" मी म्हटलं, "बोलायचं काम त्यांनी कधी चुकवलंय?"

खोलीत गेलो. पडदे बंद होते. अपेंडिक्सचा पोरगा जागा होता. आणि भाऊजी, आमचे भाऊजी, डोक्यावरून पांघरूण घेऊन पडले होते. भिंतीकडे तोंड करून. घोरत होते.

मी त्यांच्या दारासमोर जन्म काढलाय. भाऊजी झोपेत घोरत नाहीत. झोपेत दात खातात. हे घोरणं नाटकातलं होतं, घुर्र आणि सूं, घुर्र आणि सूं, अगदी मोजून. अपेंडिक्सच्या पोरालाही हसू येत होतं. म्हणाला, "मघाशी तर उठून पाणी प्यायले."

मी खाटेजवळ गेले. "भाऊजी, उठा. सकाळ झाली." घुर्र. "भाऊजी, मेट्रनबाई येतायत." सूं. पांघरूण जरा आणखी वर गेलं.

मेट्रनबाई आल्या, मागे दोन नर्स आणि त्यांच्या मागे आमची सून. उंच बाई, पांढरेशुभ्र केस, आवाज हळू. त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही म्हणता या पेशंटनं काहीतरी पाहिलंय. उठवा त्यांना, मी विचारते." सुनेनं पुढे होऊन भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा. बाबा, उठा ना." तिनं खांदा हलवला. पुन्हा हलवला. पांघरुणाच्या कडेतून मला त्यांचा एक डोळा दिसत होता. मिटलेला, पण पापणी फडफडत होती. शेजारच्या रस्त्यावर खुट्ट झालं तरी उठून बसणारा माणूस!

"राहू द्या," मेट्रनबाई म्हणाल्या. "ऑपरेशनचा पेशंट आहे, झोप हवी त्याला." आणि सुनेला म्हणाल्या, "तुम्ही ऑफिसात या."

पावलं लांब गेली. खोलीत आम्ही दोघीच उभ्या. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते मी इथे लिहीत नाही. पण मी बोलायच्या आत ताई खाली वाकली. त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू, रोज पाणी तापलं म्हणून सांगायची तशा आवाजात म्हणाली, "अहो, उठताय का? शेवटचं विचारते."

घोरणं थांबलं. डोळे उघडले नाहीत.

ताई सरळ झाली, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि खोलीबाहेर पडली. मी मागे धावले. मला वाटलं, कोपऱ्यात जाऊन रडणार. ती थेट ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिली, दारावर टकटकसुद्धा न करता आत शिरली.

"कोण तुम्ही?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"मी हिची सासू. कठडा माझ्या नवऱ्यानं काढला. त्या माणसाला त्यांनीच हाताला धरून उभं केलं."

सून म्हणाली, "आई..." ताईनं तिच्याकडे बघितलंच नाही.

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही. त्यांनी मला सांगितलं. हसत सांगितलं. ही बहीण होती तिथे." मी मान डोलावली.

मेट्रनबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग ते स्वतः का नाही सांगत?"

"झोपलेत."

"आता उठतील थोड्या वेळानं. मी थांबते."

"नाही उठायचे," ताई म्हणाली. "जन्मात पहिल्यांदाच झोपलेत, मॅडम. उभ्या जन्मात कुणाला सकाळी झोपू दिलं नाही त्यांनी. मला नाही, पोराला नाही, ही पोर रात्रभर तुमच्याकडे राबून यायची, हिला नाही. ही माझ्या बहिणीकडे टेबलाखाली झोपते, चोरासारखी. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. आता तुम्हाला हिलाच घालवायचं असेल तर घालवा, पण त्यांच्या चुकीसाठी नको."

एवढं लांब बोलताना मी ताईला कधी ऐकलं नव्हतं. संपल्यावर तिलाच धाप लागली. मेट्रनबाईंनी स्वतः उठून तिला पाणी दिलं.

अपेंडिक्सच्या पोराला पुन्हा विचारलं गेलं. आता कोण बोंबलत होतं ते त्याला बरोबर आठवलं, कारण रात्रभर तोच आवाज शेजारून ‘नर्स, पाणी’ म्हणत होता. सुनेची नोकरी राहिली. पलीकडच्या खोलीत धावताना दुसऱ्या कुणाला तरी या खोलीवर ठेवायला हवं होतं, म्हणून तिला बोलणी बसली आणि कायम होणं पुढे ढकललं गेलं. हेही अन्यायाचंच होतं, पण ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." घड्याळजी वाचले. मात्र आता काठी घेऊन चालतात, आणि दुकान त्यांचा पुतण्या उघडतो.

आम्ही परत खोलीत आलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. भाऊजी उशीला टेकून बसले होते, पडदे उघडलेले, केस विंचरलेले. आम्हाला बघून मोठी जांभई दिली.

"अगं, मेट्रनबाई येऊन गेल्या म्हणे? मला उठवलं कसं नाही कुणी?" मग एकदा ताईकडे, एकदा माझ्याकडे, अंदाज घेत बघितलं. "या झोपेच्या गोळ्या फार जबर असतात बाई. माणूस मेल्यासारखा पडतो. नाहीतर मी काय, तुम्हाला माहितीच आहे..."

ताई थर्मासचं झाकण उघडत होती, तिनं वर बघितलं नाही. मी तोंड उघडलं होतं. पण सून माझ्या आधी पुढे झाली. तिच्या हातात पाण्याचा पेला होता आणि एक गोळी होती.

"बाबा, तुम्हाला झोपेची गोळी दिलेलीच नाही," ती म्हणाली. "काल नाही, परवा नाही, एकदाही नाही. तुमच्या रात्रीच्या गोळ्या माझ्याच हातानं जातात." मग तिनं त्यांच्या तळव्यावर गोळी ठेवली. "ही दुखण्याची आहे. हिच्यानं झोप येत नाही. घ्या."

त्यांनी मुकाट्यानं घेतली.